एका पिंजऱ्यात पन्नास

फिंच पाळणाऱ्या माणसाला कधी ना कधी एक प्रश्न पडतोच. "अरे, याच्या डोक्यावरची पिसं कुठे गेली?"

दुकानातून आणलेली जोडी असते. मुठीत मावतील एवढे दोन जीव. दिवसभर चिवचिव, रात्री एकमेकांना चिकटून झोपणं, सगळं छान चाललेलं असतं. आणि एके दिवशी त्यातल्या एकाच्या मानेमागे हरभऱ्याएवढं टक्कल दिसतं. आठवड्याभरात ते वाढतं. मग लक्षात येतं, की रात्री ज्याला चिकटून झोपतो तोच जोडीदार दिवसा त्याची पिसं उपटतोय. यावर मिळणारे सल्लेही ठरलेले. एक जण म्हणतो व्हिटॅमिन द्या, दुसरा म्हणतो उवा झाल्या असतील, तिसरा म्हणतो "हा नर मारका आहे, बदलून आणा."

हा तिसरा सल्ला मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. कारण 'दोष पक्ष्याचा आहे' असं त्यात गृहीतच धरलंय. आपल्या धंद्यात याला 'युजर एरर' म्हणून तिकीट बंद करणं म्हणतात :-) पण या छोट्या पक्ष्यांना पिंजऱ्यात ठेवण्याचा इतिहास निदान साडेतीनशे वर्षांचा आहे, आणि तो नीट बघितला तर तिकीट पुन्हा उघडावं लागतं. गंमत म्हणजे या इतिहासाची सुरुवात आपल्या शेजारी, अहमदाबादला होते.



लाल मुनिया बघितलीय का कधी? मराठीत तिला लाल मनोलीही म्हणतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर, म्हणजे विणीच्या दिवसांत, नर असा काही लालभडक होतो की बघत राहावं. अंगभर पांढरे ठिपके, चोच लाल. विणीचा हंगाम संपला की हाच नर मादीसारखा मातकट होऊन जातो. मुनियांच्या कुळात असा हंगामी वेष बदलणं दुर्मिळ आहे. (शास्त्राच्या हिशेबाने मुनिया, झेब्रा फिंच वगैरे मंडळी खऱ्या फिंचांच्या कुळातली नाहीत, त्यांचं कुळ वेगळं. पण पिंजऱ्याच्या दुनियेत सगळे 'फिंच'च, म्हणून मीही तेच म्हणतो.)

या पक्ष्याचं शास्त्रीय नाव 'अमांडवा अमांडवा'. इंग्रजीत 'अवाडवाट'. हे अमांडवा कुठून आलं? तर अमदावादवरून. अहमदाबादहून हे पक्षी सुरतेच्या बाजूने बाहेर जात, आणि घेणाऱ्यांनी गावाचं नाव पक्ष्याला चिकटवलं. बोलता बोलता 'अमदावाद'चं 'अमाडवाट' झालं आणि त्याचं पुढे 'अवाडवाट'. लिनियसने १७५८ मध्ये प्राण्यांना पद्धतशीर नावं दिली तेव्हा हेच बिघडलेलं नाव त्याने पक्कं करून टाकलं. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा प्रसिद्ध अँग्लो-इंडियन शब्दकोश निघाला, त्यातही हीच व्युत्पत्ती दिलेली आहे. थोडक्यात, सगळ्या भारतात सापडणारा पक्षी आणि नाव मात्र एका गावाचं, कारण तिथे त्याचा बाजार होता.

या बाजाराबद्दल लिहून ठेवणाऱ्यांत एक ओळखीचं नाव आहे, जॉन फ्रायर. ईस्ट इंडिया कंपनीचा हा डॉक्टर १६७३ मध्ये हिंदुस्थानात पोचला. शिवकाळाचा अभ्यास करणाऱ्यांना हा माणूस माहीत असतो, कारण ऑक्झेंडनने रायगडावर केलेल्या वकिलातीची हकीगत त्याच्या पुस्तकात आहे, आणि १६७५ मध्ये तो स्वतः जुन्नरला जाऊन आला होता. त्याचं प्रवासवर्णन लंडनला १६९८ मध्ये छापलं गेलं. त्यात सुरतेच्या वर्णनाच्या ओघात अहमदाबादहून आलेल्या या चिमुकल्या पक्ष्यांचा उल्लेख येतो. अंगावरचे ठिपके कसे, तर गोवराच्या पुरळाएवढे! (डॉक्टर शेवटी डॉक्टरच.) पुढे तो म्हणतो, की एका पिंजऱ्यात पन्नास पक्षी असतात, त्यांतला म्होरक्या सुरू करतो आणि बाकीचे सगळे त्याला साथ देतात.

एका पिंजऱ्यात पन्नास. हा आकडा लक्षात ठेवा.

आज कुणी एका पिंजऱ्यात पन्नास फिंच कोंबले तर आठवड्याभरात टकली फौज तयार होईल. मग फ्रायरचे पन्नास सुखाने गात कसे होते? सुखाने होते की नाही हे सांगायला त्या पक्ष्यांनी प्रवासवर्णन लिहिलेलं नाही. पण लाल मुनिया हा मुळात थव्याचा पक्षी आहे. झोपायच्या वेळी एका फांदीवर खांद्याला खांदा लावून ओळीने बसणं ही त्याची नैसर्गिक सवय. तेव्हा बाजारातल्या पिंजऱ्यात पन्नास जण दाटीवाटीने बसलेले बघून माणसाचा समज काय झाला असेल? की यांना गर्दी आवडते. हा समज पुढे तीनेकशे वर्षं टिकला. आणि तो अर्धा बरोबर असल्यामुळे जास्त घातक ठरला.



आता अहमदाबाद सोडून जपानकडे जाऊ. कारण तिथे याच कुळातल्या दुसऱ्या एका पक्ष्यावर अगदी वेगळा प्रयोग झाला. प्रयोग करतोय हे करणाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

आपल्याकडे पांढऱ्या पाठीची मुनिया असते. कोकणात, सह्याद्रीच्या पायथ्याला दिसते. हिचेच भाऊबंद चीनमध्येही आहेत. अठराव्या शतकात, साधारण १७६० च्या पुढेमागे, चीनमधून काही पक्षी जपानात नेले गेले. तिथल्या लोकांना त्यांचं गाणं किंवा रंग यात फार रस नव्हता. त्यांना आवडला तो या पक्ष्यांचा पालकपणा. दुसऱ्याची अंडी दिली तरी उबवतात, दुसऱ्याची पिल्लं दिली तरी भरवतात. म्हणून पिढ्यानपिढ्या शांत, गरीब, मन लावून पिल्लं वाढवणारे पक्षी निवडले गेले. सुमारे अडीचशे वर्षांत त्यातून एक नवीन पाळीव पक्षी तयार झाला. आपण त्याला 'बेंगॉली' किंवा 'बेंगलीज फिंच' म्हणतो. बंगालशी याचा काडीचा संबंध नाही. इथेही नाव चुकीच्या गावाचं! जपानीत त्याला 'जुशिमात्सु' म्हणतात आणि तो शब्द ज्या चित्रलिपीत लिहितात तिचा अर्थ होतो 'दहा बहिणी'. एकत्र राहून न भांडणाऱ्या.

या दहा बहिणींचा अभ्यास काझुओ ओकानोया या जपानी शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं केला. रानटी मुनियेचं गाणं साधं, सरळ रेषेतलं असतं. पाळीव बेंगलीजचं गाणं मात्र गुंतागुंतीचं, वळणं घेणारं झालंय, आणि तेही त्यासाठी कुणी मुद्दाम निवड केलेली नसताना. २०१२ मध्ये या गटाने विष्ठेतल्या कॉर्टिकोस्टेरोनचं, म्हणजे ताणाशी संबंधित हॉर्मोनचं, प्रमाण मोजलं. पाळीव पक्ष्यांत ते रानटी पक्ष्यांपेक्षा कमी निघालं.

याचा आपल्या प्रश्नाशी काय संबंध? संबंध असा, की पिंजऱ्यात शांतपणे राहणं ही काही पक्ष्याला आपोआप येणारी गोष्ट नाही. जपानात ती यायला अडीचशे वर्षांची निवड लागली. दुकानात झेब्रा फिंच आणि बेंगलीज शेजारी शेजारी ठेवलेले असतात, भावही जवळपास सारखाच असतो, म्हणून घेणाऱ्याला वाटतं की स्वभावही सारखाच असेल. झेब्रा फिंच हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळांवरचा पक्षी. पाऊस पडला, गवताला बी आलं, की लगेच घरटं करायचं, हा त्याचा खाक्या. तिथे ऋतू ठरलेला नसतो, संधी आली की धरायची असते. पिंजऱ्यात दाणे-पाणी रोजच भरपूर, म्हणजे त्याच्या हिशेबाने पाऊस रोजच पडतोय. आणि घरट्यासाठी जागा मात्र एकच! भांडण इथेच पेरलं गेलं.



पण पिसं उपटण्याचं कोडं सुटायला सुरुवात झाली ती १९५० आणि ६० च्या दशकांत, इंग्लंडमध्ये. आणि त्यातल्या एका महत्त्वाच्या कामाचा नायक पुन्हा आपला अमदावादी पक्षीच होता.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्विस प्राणिसंग्रहालय-तज्ज्ञ हाइनी हेडिगर याने प्राण्यांचे दोन ढोबळ गट पाडले होते. एक, अंगाला अंग लावून बसणारे. दुसरे, एकमेकांत ठरावीक अंतर राखणारे. तारेवर बसलेल्या पाकोळ्या आठवा, मोजून मापून अंतर ठेवल्यासारख्या बसतात. मुनिया पहिल्या गटातल्या. म्हणजे यांना अंतर नकोच असतं, असं वाटेल.

दुसरा माणूस डेस्मंड मॉरिस. 'द नेकेड एप' या १९६७ च्या गाजलेल्या पुस्तकामुळे तो आपल्याला माहीत असतो. त्याआधी हा गृहस्थ ऑक्सफर्डला फिंच आणि मासे बघत बसायचा. १९५४ मध्ये त्याने झेब्रा फिंचच्या प्रजननाच्या वागणुकीवर मोठा निबंध लिहिला, आणि १९५६ मध्ये पक्ष्यांच्या पिसांच्या ठेवणीवर. पक्षी पिसं अंगाला चापून बसवतो, कधी गुबगुबीत फुलवतो, कधी विस्कटल्यासारखी उभी करतो. हे मुळात थंडी-उन्हाचं तंत्र. पण त्यातूनच पुढे एकमेकांना द्यायच्या खुणा तयार झाल्या, असं मॉरिसचं म्हणणं. पिसं म्हणजे नुसता कोट नाही, ती बोलतात.

आता आला जॉन स्पार्क्स. लंडन विद्यापीठात त्याने लाल मुनियेच्या थव्याचा अभ्यास केला. कोण कुणाजवळ बसतं, कोण कुणाची पिसं विंचरतं, हे टिपत राहायचं. त्याचे निबंध १९६४ आणि १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याने दाखवलेली गोष्ट ऐकायला साधी आहे. दांडीवर एक मुनिया बसलीय. दुसरी सरकत सरकत जवळ येते. आता इथे टोच बसण्याची शक्यता असते. त्या क्षणी जिला धोका आहे ती डोक्याची आणि मानेची पिसं उभी करते आणि मान वळवून पुढे करते. जणू म्हणते, "जरा इथे खाजव." आणि हल्ला करू शकणारी चोच पिसं विंचरायला लागते. भांडण टळतं.

म्हणजे ज्याला आपण कौतुकाने "बघ कशी प्रेमाने एकमेकांना कुरवाळतात" म्हणतो, त्यातला काही भाग तरी तहाची बोलणी असतात! १९६५ मध्येच सी. जे. ओ. हॅरिसन याने वेगवेगळ्या पक्ष्यांचे दाखले घेऊन हाच मुद्दा आणखी पुढे नेला. एकमेकांची पिसं विंचरण्यात आक्रमकपणाचा अंश असतो, आणि जवळजवळ बसणाऱ्या पक्ष्यांत ती दाबलेल्या भांडणाची वाट असते, असं त्याने मांडलं.

हे एकदा कळलं की टकलाची जागा वेगळी दिसायला लागते. पिसं विंचरायची जागा कुठली? डोकं, मान, गाल. म्हणजे पक्ष्याची स्वतःची चोच जिथे पोचत नाही तीच. आणि फिंचांत टक्कल पडतं कुठे? बहुतेक वेळा तिथेच. एकच चोच, एकच जागा. विंचरणं आणि उपटणं यांच्यात फरक फक्त तीव्रतेचा आणि थांबण्याचा. रानात विंचरणं जरा जोरात झालं की दुसरी मुनिया ओळीतून उठून भुर्रकन उडून जाते आणि पाच मिनिटांनी ओळीच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसते. विषय संपला. दीड फुटी पिंजऱ्यात ती उडून जाणार कुठे? दांड्या दोन, त्यातली एक त्याच मारकुट्याची. मग ती पुन्हा मान पुढे करते. तो पुन्हा विंचरतो. पुन्हा उपटतो.

फ्रायरने बघितलेल्या पन्नासांबद्दलचा समज अर्धाच बरोबर का, हे इथे कळतं. मुनियांना चिकटून बसायला आवडतं हे खरं. पण चिकटून बसणं सुरक्षित असतं, कारण उठून जाता येतं. पिंजऱ्याने चिकटणं ठेवलं आणि उठून जाणं काढून टाकलं.



हाच घोळ माणसाने एका दुसऱ्या पक्ष्याच्या बाबतीत फार मोठ्या प्रमाणावर घातलाय. त्यावर शोधलेले उपाय बघितले तर आपण कुठे चुकतो ते स्पष्ट दिसतं. तो पक्षी म्हणजे कोंबडी.

१९२२ मध्ये नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे याने कोंबड्यांमधली टोचण्याची उतरंड मांडली. कोण कुणाला टोचू शकते याचा क्रम ठरलेला असतो, तो त्याने दाखवून दिला. आज ऑफिसातल्या राजकारणावर बोलताना 'पेकिंग ऑर्डर' हा शब्द आपण वापरतो तो मूळचा या कोंबड्यांचा. पण पिसं उपटण्याचा त्रास पोल्ट्रीवाल्यांना त्याआधीपासून होता, आणि त्यावर तोडगेही निघत होते. १९०३ मध्ये अमेरिकेत अँड्र्यू जॅक्सन नावाच्या गृहस्थाने कोंबड्यांच्या चष्म्याचं पेटंट घेतलं. होय, चष्मा. दुसरीने टोचलं तर डोळा वाचावा म्हणून. पुढे लाल काचांचे चष्मेही विकले गेले, रक्त दिसू नये म्हणून! हसायला येतं, पण नंतर जो उपाय रूढ झाला तो हसण्यासारखा नाही. चोचीचं टोकच कापून टाकायचं. जगभरच्या पोल्ट्रीत हे झालं, आपल्याकडेही होतं.

दोन्ही उपायांतला तर्क एकच आहे. बिघाड कोंबडीत आहे, तेव्हा कोंबडी दुरुस्त करा.

१९८० च्या दशकात डच संशोधक ब्लोखाउस याने वेगळी बाजू पुढे आणली. कोंबडी दिवसभर जमीन टोचत, उकरत फिरणारा पक्षी. तिला टोचायला माती-भुसाच दिला नाही तर ते टोचणं समोर जे असेल तिकडे वळतं. समोर असते शेजारणीची पाठ. म्हणजे हा राग नव्हताच. रिकाम्या चोचीला मिळालेलं काम होतं. युरोपियन युनियनने १९९९ मध्ये नियम केला आणि १ जानेवारी २०१२ पासून जुन्या पद्धतीचे उघडेबोडके पिंजरे बंद केले. घरटं, बसायला दांडी, टोचायला भुसा हे द्यावं लागेल असं ठरलं. याने प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. मोकळ्या शेडमधल्या हजारोंच्या कळपातही कोंबड्या पिसं उपटतात. म्हणजे नुसती जागा वाढवून भागत नाही. लपायला आडोसा आणि चोचीला काम, दोन्ही लागतं.



परत आपल्या पिंजऱ्याकडे येऊ. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९०-९१ मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर आलेली बंदी यामुळे लाल मुनिया पाळणं किंवा विकणं आज बेकायदा आहे. (आणि कुणी 'परदेशी रंगीत फिंच' म्हणून स्वस्तात विकत असेल तर एक लक्षात असू द्या, साध्या मुनियांना रंग फासून विकण्याचा धंदा आपल्याकडे जुना आहे.) त्यामुळे आपल्या फ्लॅटमधल्या पिंजऱ्यात असतात ते ऑस्ट्रेलियाचे झेब्रा आणि जपानचे बेंगलीज. दोघांचीही पैदास पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच झालेली. यांना सोडून देणं हा उपाय नाही, ते बाहेर जगणार नाहीत. तेव्हा प्रश्न उरतो तो पिंजरा सुधारण्याचा.

इतिहासातून निघणारं डिबगिंग साधारण असं.

आधी टक्कल कुठे आहे ते बघा. डोकं आणि मान असेल तर पक्षी स्वतः तिथपर्यंत चोच नेऊ शकत नाही. मग एक तर दुसरा पक्षी उपटतोय, नाही तर आजार, किडे किंवा नुसतं पिसं झडणं. टकलाच्या जागी नवीन पिसांचे काटे दिसत असतील तर ते बहुधा झडणंच आहे, घाबरू नका. छाती-पोटावर असेल तर पक्षी स्वतःही उपटत असू शकतो, पण पोपटांमध्ये हे जेवढं दिसतं तेवढं फिंचांत दिसत नाही. कातडी लाल, खपलीदार असेल किंवा पक्षी फुगून एका जागी बसत असेल तर ब्लॉग वाचत बसू नका, पक्ष्यांच्या डॉक्टरकडे जा.

पिल्लांची पिसं गेली असतील तर संशय आईबापांवर घ्या. झेब्रा फिंच घरट्याला आतून पिसांचं अस्तर लावतात. पहिली वीण घरट्याबाहेर पडते न पडते तोच दुसऱ्या विणीची घाई सुरू होते, आणि अस्तराला बाकी काही मिळालं नाही तर हाताशी असतात पोरांची पिसं. उपाय सोपा. विणीच्या आधीपासूनच सुकं गवत, काथ्याचे आखूड तुकडे, स्वच्छ पिसं देऊन ठेवा. (लांब दोरा आणि कापूस नको, पाय अडकतात.) पिल्लं नको असतील तर घरटंच काढून घ्या. बरेच लोक घरटं 'झोपायला बरं' म्हणून ठेवतात, पण झेब्राच्या लेखी ते घर नसून प्लॉट असतो, आणि प्लॉटवरून काय होतं ते आपल्याला मराठी माणसांना सांगायला नको :-)

पिंजरा उंच नको, लांब हवा. फिंच हेलिकॉप्टरसारखे वर जात नाहीत, आडवे उडतात. दांड्या दोन्ही टोकांना आणि सारख्या उंचीवर लावा. एकच दांडी सगळ्यात उंच असली की तिच्यासाठी मारामारी ठरलेली. मध्ये आडोसा हवा, पानांची फांदी असो की गवताचा झुपका, ज्याच्यामागे गेलं की मारकुट्याला दिसणार नाही. दाण्याच्या वाट्या दोन, लांब लांब. घरटी ठेवायचीच तर जोड्यांपेक्षा जास्त, आणि सगळी एका उंचीवर.

आकडेमोड महत्त्वाची. तीन पक्षी म्हणजे एकाची हमखास फरफट. दोन जोड्याही अवघड जातात, कारण मार खाणारी जोडी कायम तीच राहते. लहान पिंजऱ्यात एकच जोडी उत्तम.

चोचीला काम द्या. राळ्याची अख्खी कणसं टांगा, हिरवं गवत द्या, समुद्रफेन ठेवा, अंघोळीला उथळ वाटी द्या. अधूनमधून उकडलेलं अंडं. वाटीत दाणे ओतून दिले तर जेवण दहा मिनिटांत संपतं आणि पुढचे दहा तास शेजाऱ्याची मान असते.

आणि दिवा बंद करा. हे खास आपल्या जमातीसाठी. अमेरिकेशी कॉल रात्री साडेअकराला, हॉलमधली ट्यूब चालू, पिंजरा हॉलमध्ये. आपण नाइट शिफ्टचा अलाउन्स तरी घेतो, तो पक्षी काय घेतो? दहा-बारा तास काळोख आणि शांतता त्याला मिळायलाच हवी.

एक गोष्ट मात्र करू नका. पुस्तकात वाचलेला प्रत्येक 'शास्त्रीय' उपाय डोळे मिटून घेऊ नका. १९८० च्या दशकात नॅन्सी बर्ली हिचे प्रयोग गाजले होते. झेब्रा नराच्या पायात लाल कडी घातली की तो माद्यांना जास्त आवडतो, असा त्यांचा निष्कर्ष. १९९७ च्या एका अभ्यासात लाल कडीवाले नर इतरांवर दादागिरी करतात असंही दिसलं. पुढे जर्मनीतल्या वोल्फगांग फॉर्स्टमायरच्या गटाने हे प्रयोग पुन्हा करून बघितले. २०१२ आणि २०१८ च्या त्यांच्या निबंधांत कड्यांच्या रंगाचा तसा परिणाम सापडलाच नाही. पाठ्यपुस्तकात जाऊन बसलेली गोष्ट 'माझ्या मशीनवर चालत होतं' या प्रकारची निघाली असावी. तेव्हा कडी बदलण्यात वेळ घालवू नका, दांड्या बदला.

हे सगळं करूनही एखादा पक्षी उपटत राहिला तर? मग त्याला वेगळं करा, पण नजरेच्या टप्प्यात ठेवा. हाक मारली तर पलीकडून ओ यायला हवी. एकटं पाडणं ही या पक्ष्यांना वेगळीच शिक्षा आहे. काही आठवड्यांनी परत एकत्र करताना आधी पिंजऱ्याची मांडणी पूर्ण बदला आणि दोघांनाही एकाच वेळी आत सोडा. जुन्या जागेवर परत आलेला पक्षी मालक होऊन येतो. नवीन जागेत दोघेही भाडेकरू.

"हा नर मारका आहे, बदलून आणा" हा सल्ला आता पुन्हा वाचा. बदलून आणलेला नर त्याच दीड फुटात, त्याच दोन दांड्यांवर, त्याच रिकाम्या चोचीने बसणार आहे. आणि परत गेलेला पक्षी दुकानात कुठल्या पिंजऱ्यात जाईल, किती जणांबरोबर, याचाही विचार करून बघा. साडेतीनशे वर्षांत पक्षी बदलून झाले. अहमदाबादचे झाले, ऑस्ट्रेलियाचे झाले. जपान्यांनी तर अडीचशे वर्षं खपून नवीनच पक्षी बनवला. आपल्याकडे अडीचशे वर्षं नाहीत, पण लांबट पिंजरा आणि दोन जास्तीच्या दांड्या एका शनिवारात बसवून होतात.

पाऊस सरला की गावाबाहेरच्या पाणथळ गवतात, उसाच्या कडेने एक चक्कर मारा. नशीब असेल तर लाल मुनियांचा थवा दिसेल. संध्याकाळी त्या एका काडीवर दाटीने बसतात, एकमेकींच्या माना विंचरतात. मधूनच एखादीला जोरात टोच बसते. ती उडते, चार हातांवर दुसऱ्या काडीवर जाऊन बसते, आणि थोड्या वेळाने आपली आपणच परत येते.